माणूस ‘बघू’ म्हणतो तेव्हा

नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. पुण्याच्या शेतकी कॉलेजातून बी.एस्सी. ॲग्री होऊन नुकताच बाहेर पडलो होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी आणि पिशवीत गंधकाच्या पुड्या. शिरूर तालुक्यातल्या एका गावी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून मी त्यांना रब्बी ज्वारीची बीजप्रक्रिया समजावून सांगत होतो. एक किलो बियाण्याला चार ग्रॅम गंधकाची भुकटी चोळायची, मग कणसावर काणी येत नाही. खर्च नाही म्हटले तरी चालेल इतका थोडा. म्हाताऱ्यांनी सगळे शांतपणे ऐकले, मधूनमधून मान डोलावली, चहा मागवला आणि उठताना म्हणाले, “बघू, साहेब.”

मी दैनंदिनीत लिहिले : शेतकरी तयार.

कणसे भरायच्या वेळी पुन्हा त्या शिवारात गेलो तर काणीने काळी पडलेली कणसे जागोजाग उभी. मला राग आला. तो मी बोलून दाखवण्याआधीच दारात धान्य पाखडत बसलेली म्हातारी म्हणाली, “आवो, घरी आलेल्या माणसाच्या तोंडावर न्हाई कसं म्हनायचं? त्येंनी ‘बघू’ म्हनलं तवाच तुमी वळखायला पायजे हुतं.” मग हळूहळू समजले. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी अशीच एक पावडर दिली होती, बी उगवले नाही आणि भावकीत बियाणे उसने मागायची पाळी आली होती. ते दुःख मोठे होते. पण ते मला सांगणे म्हणजे ओट्यावर बसलेल्या पाहुण्याच्या खात्याला नावे ठेवणे झाले असते, म्हणून म्हातारे ‘बघू’ म्हणाले. त्यांच्या मते ते स्पष्ट ‘नाही’ होते. मला मात्र ते ‘हो’ वाटले.

कॉलेजात आम्हाला विस्तार शिक्षणाच्या विषयात एव्हरेट रॉजर्स या अमेरिकन प्राध्यापकांची विभागणी पाठ करावी लागे. नवे तंत्र कोण आधी घेतो आणि कोण मागाहून, यावरून शेतकऱ्यांचे पाच वर्ग त्यांनी १९६२ सालच्या पुस्तकात पाडले आहेत. शेवटचा वर्ग ‘मागे रेंगाळणाऱ्यां’चा. मी त्या म्हाताऱ्यांना मनातल्या मनात त्या वर्गात बसवून मोकळा झालो असतो. त्या दिवशी खरा मागे रेंगाळलेला कोण होता, हे वाचकांनीच ठरवावे.

हे सारे आज आठवायचे कारण म्हणजे ‘भावनिक बुद्धिमत्ता’ हा शब्द हल्ली फार कानावर पडतो. कचेरीच्या प्रशिक्षणात पडतो, मुलांच्या शाळेत पडतो, आमच्या रहाटणीतली संगणक कंपन्यांत जाणारी पोरे तर तो रोजच बोलतात. १९९० साली पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तो शास्त्रीय रीतीने मांडला आणि १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने तो जगभर नेला. अर्थ साधा आहे. आपल्या मनात काय चालले आहे ते ओळखणे, समोरच्याच्या मनातले ओळखणे आणि ते धरून शहाणपणाने वागणे. आमच्या शिरूरच्या म्हातारीला हे पुस्तकाशिवाय येत होते आणि मला पदवी असून येत नव्हते.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. ही बुद्धी माणूस जन्मतः घेऊन येतो की घराच्या, गावाच्या वळणातून शिकतो? थोडे जन्माचे असणारच. लहान मूल कुठल्याही देशात भुकेने रडते. पण कुणासमोर रडायचे, किती रडायचे, राग आला तर कुणावर काढायचा आणि कुणापुढे गिळायचा, हे मात्र चालीरीती शिकवतात. वॉलेस फ्रीसन या संशोधकाने १९७२ साली याचा एक नमुनेदार प्रयोग मांडला होता. जपानी आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेसारखी, पाहवणार नाहीत अशी दृश्ये पडद्यावर दाखवली. एकटे असताना दोघांच्याही चेहऱ्यावर सारखाच त्रास दिसला. पण संशोधक शेजारी येऊन बसला तेव्हा जपानी विद्यार्थी तो त्रास हसऱ्या चेहऱ्याखाली झाकू लागले. वडीलधाऱ्या माणसापुढे तोंड वाकडे करायचे नाही, हा त्यांच्या घरचा धडा. तो जपानचा आहे असे सांगितले म्हणून, नाहीतर कुणीही तो आपल्याच आळीतला म्हटला असता.

म्हणून परक्या देशातली फूटपट्टी घेऊन आपल्या माणसाचे मन मोजू नये. तिकडे सरळ बोलणारा शहाणा, आपल्याकडे तोच कधीकधी ‘तोंडाळ’. आणि आपल्याकडे जे बारकावे आहेत त्यांना तिकडे शब्दही नाहीत. रुसवा घ्या. राग कुणावरही येतो, वाटेत धक्का देणाऱ्यावरही येतो. रुसवा मात्र आपल्याच माणसावर असतो, आणि तो समजूत काढायला येईल या भरवशावर असतो. राग म्हणजे दाराला आतून कडी. रुसवा म्हणजे दार नुसते लोटलेले. जपानी भाषेत ‘अमाए’ असा एक शब्द आहे. दुसऱ्याच्या मायेवर हक्काने भार टाकणे, असा काहीसा त्याचा अर्थ. ताकेओ दोई या डॉक्टरांनी १९७१ साली त्यावर अख्खे पुस्तक लिहिले. तो शब्द कळायला आपल्याला फार वेळ लागत नाही, कारण आपल्या रुसव्याचा तो शेजारीच आहे. रुसव्याला तर आपण देवळात जागा दिली आहे. पंढरपूरला रखुमाईचे देऊळ विठोबाच्या गाभाऱ्यापासून वेगळे आहे. ती रुसून दिंडीरवनात येऊन बसली आणि देव तिची समजूत काढायला मागे आले, ही कथा लहान पोरालाही ठाऊक असते. लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळणारा मेहुणा, मानपानावरून फुगून बसणारी विहीण, यांचा त्रास होतो हे खरे. पण फुगलेल्याची समजूत कशी काढायची याची ती तालीमही असते.

आपल्या जुन्या माणसांनी भावनांवर प्रवचने दिली नाहीत. त्यांनी भावनांसाठी दिवस आणि जागा ठरवून ठेवल्या. वर्षभर अबोला धरलेल्या जावांना संक्रांतीला एकमेकींच्या हातावर तीळगूळ ठेवावाच लागे. कुणी आधी बोलायचे हा अवघड प्रश्न पंचांग सोडवी. घरात मृत्यू झाला की त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारच्या घरून पिठले-भाकरी येते. बायका गळ्यात पडून हेल काढून रडतात, पुरुष ओट्यावर मुके बसतात, दहाव्याला नदीकाठी गाव जमतो. दुःख किती दिवस उघडे ठेवायचे आणि कधी कामाला लागायचे याची ती शिस्त होती. आमच्या पट्ट्यात भाद्रपद अमावस्येला पोळा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात. वर्षभर जू ओढून सोललेला खांदा हाताखाली लागतो तेव्हा मालकाला आपण काय केले ते कळते. माझे वडील रागीट होते. पण त्या संध्याकाळी ते बैलाच्या कानाशी काहीतरी पुटपुटत. काय ते मी कधी विचारले नाही.

बायकांची जागा म्हणजे जाते. पहाटे दळताना ओवीतून त्या सासर, माहेर, भाऊ, मेलेले मूल, मारकुटा नवरा, सारे बोलत. ओवीत म्हटले की ते भांडण होत नसे आणि सासूला आडवे जाता येत नसे, कारण ओवी तिनेही म्हटलेली असे. रहाटणीपासून फार लांब नाही, मुळशी आणि मावळच्या डोंगरी गावांत हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या दोघांनी वर्षानुवर्षे हिंडून या ओव्या जमवायला सुरुवात केली. काम पुढे महाराष्ट्रभर पसरले आणि संग्रह एक लाखाच्या वर गेला. पॉइत्वाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. पण तो ठेवा राहिला. एक लाख ओव्या म्हणजे गाणाऱ्या बायकांची हौस नव्हे; मन बोलायची दुसरी जागा त्यांना नव्हती याचा तो हिशेब आहे. पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांच्या हातांचे घट्टे गेले, फार चांगले झाले. जाते परत आणा असे म्हणणाऱ्या पुरुषाने आधी चार पायल्या दळून दाखवाव्यात. पण त्या पहाटेच्या दोन तासांच्या जागी दुसरे काही आले नाही, हेही खरे.

आता रहाटणीकडे वळतो, कारण हे माझे गाव. नावात रहाट आहे, गावात आता तो कुठे नाही. पवनेच्या काठचे हे गाव, एका अंगाला काळेवाडी, दुसऱ्या अंगाला पिंपळे सौदागर. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, मागून मोठमोठे कारखाने आले, १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९७२ साली नवनगर प्राधिकरण, १९८२ साली महानगरपालिका. माझ्या लहानपणी आमच्या मळ्यात मेथी, कोथिंबीर, वांगी होत आणि वडील पहाटे पिंपरी कॅम्पात विकायला नेत. आज तिथे लिफ्टच्या इमारती आहेत. हद्दीवरच्या एका चौकाला ‘शिवार चौक’ म्हणतात. शिवार तेवढे पाटीवर उरले.

जमिनीला सोन्याचा भाव आला तेव्हा बाहेरचे लोक आमच्या पोरांना ‘गुंठामंत्री’ म्हणून हसू लागले. गळ्यात साखळी, दारात गाडी. हसण्यासारखे होतेही. पण त्या साखळीखाली काय होते ते कुणी पाहिले नाही. चार पिढ्यांचे काम एका सहीने संपले होते. सकाळी उठून कुठे जायचे, हे चाळीस वर्षांच्या धडधाकट माणसाला कळत नव्हते. रडायचे म्हणावे तर घरात पैसा आलेला. आनंद मानावा तर घशाखाली घास उतरत नाही. अशा दुःखाला आमच्या रीतीत दिवस नव्हता. माणूस गेला तर तेरा दिवस. जमीन गेली तर पेढे. पारावरचे बसणे गेले. देवळातले भजन चालू राहिले, आषाढी वारीत तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामाला येते तेव्हा आम्ही अजून जातो. तिथे अनोळखी माणूसही ‘माउली’ म्हणून पायाशी वाकतो आणि तेवढ्यापुरते छातीवरचे ओझे उतरते. पण भजनात स्वतःचे बोलता येत नाही. बाप्या माणसाला जाते नव्हतेच.

आणि आता जे सांगायचे ते माझ्याच घरचे आहे. इतकी वर्षे लिहायचे टाळले.

वडील गेल्यावर २००८ साली आमच्या उरलेल्या जमिनीचा व्यवहार ठरला. मी, धाकटा भाऊ आणि मोठी बहीण. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ सालीच केली होती आणि सबंध देशासाठी कायदा २००५ साली बदलला. हे मला पाठ होते. दुसऱ्यांच्या ओट्यावर मी ते समजावूनही सांगितले होते. तरी आमच्या घरात वेगळे काही घडले नाही. बहिणीला निरोप गेला, ती आली, दुय्यम निबंधकांच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर तिने सही केली. सही करताना ती हसली. कारकुनाने विचारले, “राजीखुशीनं ना ताई?” ती आणखी हसली आणि म्हणाली, “भावांचं तेच माझं.” घरी येऊन तिला साडीचोळी केली, पुरणपोळी झाली. मी रात्री बायकोला म्हणालो, आक्काचे मन किती मोठे. बायको काही बोलली नाही. तिनेही स्वतःच्या माहेरी असेच हसून सही केलेली होती, हे मला तेव्हा आठवायला हवे होते.

त्यानंतर आक्का दर भाऊबीजेला आली. ओवाळले, हसली, गेली. पण मुक्काम करीनाशी झाली. पूर्वी ती स्वयंपाकघरात शिरून डबे हुडकायची, वहिनींवर ओरडायची, माझ्याशी कडाकडा भांडायची, रुसून मागच्या दारी बसायची. ते सगळे थांबले. मी समजलो, वय झाले, समजूतदार झाली. रुसणे थांबले म्हणजे दाराला आतून कडी लागली, हे वर लिहिले तेवढे सोपे मला तेव्हा दिसले नाही. माणसे ओळखण्याचा पगार घेणारा मी, स्वतःच्या बहिणीच्या हसण्याला ‘तयार’ असा शेरा मारून मोकळा झालो होतो.

तिची बाजू पाहा. आमच्या रीतीत वाटा मागणाऱ्या बहिणीचे माहेर तुटते. उद्या सासरी काही वाईट झाले तर पाठीशी कोण? जमीन की भाऊ, एवढीच निवड तिच्यापुढे ठेवली जाते आणि ती भाऊ निवडते. त्या निवडीला आपण माया म्हणतो. माया असतेच, खोटी नसते. पण तिच्या खाली भीती असते आणि भीतीच्या खाली राग. हे तिन्ही एकदम एका चेहऱ्यावर ठेवायचे झाले तर हसण्याखेरीज दुसरे काय करणार? आपली रीत मन ओळखायला शिकवते, तशीच सोयीची नसलेली मने न ओळखायलाही शिकवते. पोळ्याला बैलाच्या खांद्यावरून हात फिरतो, पण बहिणीच्या खांद्याला काय लागले ते पाहायचा दिवस पंचांगात नाही. देहूच्या तुकोबांची गोष्ट आम्ही कीर्तनात ऐकत आलो. भाऊ कान्होबांना घेण्याच्या खतांमधला त्यांचा वाटा देऊन मग तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. विरक्तीसाठी आम्ही त्यावर माना डोलावल्या. बुडवण्याआधी दुसऱ्याचा वाटा वेगळा काढला होता, हे मात्र कानाआड गेले.

नोकरीत मी हळूहळू काही सवयी बदलल्या. शेतकरी ‘बघू’ म्हणाला की मी लगेच उठत नाही. “अडचण काय आहे?” असेही विचारत नाही, कारण त्याला उत्तर ‘काही नाही’ असेच येते. मी विचारतो, “मागल्या खेपेला काय झालं होतं?” गोष्ट सांगायला माणूस तयार असतो, अडचण कबूल करायला नसतो. तसेच ‘मन आजारी आहे’ असे आपल्याकडे कुणी म्हणत नाही. झोप लागत नाही, डोके गच्च झाले, जेवण जात नाही, फार तर ‘टेन्शन आहे’. या शब्दांमागचे ओळखणारा माणूस गावातलाच हवा. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाच्या कार्यक्रमात हेच करून पाहिले. गावपातळीवरचे कार्यकर्ते शिकवून तयार केले आणि घरोघर बोलणे सुरू झाले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट सायकियाट्री या नियतकालिकात छापून आले. शंभरातले सत्तावीस म्हणजे अजून पुष्कळ बाकी आहेत. पण दुःख सांगण्याची ओळखीची वाट मिळाली की माणसे येतात, हे त्यातून दिसते. २०२२ सालापासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही फोनसेवा आहे. १४४१६ या नंबरावर फुकट, मराठीतून, रात्री-बेरात्रीही बोलता येते. हा नंबर घराच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवावा. माझ्या घरी तो तिथेच आहे.

आक्काकडे मात्र सवय बदलून भागणार नव्हते. तिला विचारायला मला बरीच वर्षे लागली, कारण विचारले की उत्तर ऐकावे लागते. गेल्या दिवाळीत मी भाऊबीजेची वाट न पाहता आधीच तिच्या घरी गेलो, खेड तालुक्यात. भाऊजी कांद्याच्या रोपाला पाणी देत होते. आक्का लसूण सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसून लसणाच्या चार पाकळ्या हातात घेतल्या आणि म्हणालो, “आक्का, त्या दिवशी कचेरीत तू हसलीस. तुला काय वाटत होतं?”

ती बराच वेळ सोलत राहिली. मग म्हणाली, “आत्ता विचारतोस व्हय?” आणि त्यानंतर जी सुरू झाली ती थांबेना. पैशाचे तिने शेवटी काढले. आधी काढली ती मळ्यातली विहीर, जिथे तिने आईबरोबर भाजी धुतली होती. ती विहीर बुजवायच्या दिवशी तिला कुणी बोलावले नव्हते. सहीला बोलावले, विहिरीला नाही. ती रडली, मला टाकून बोलली, माझ्या पदवीला बोलली. तिचा आवाज ऐकून भाऊजी बांधावरून आत आले आणि पुन्हा बाहेर गेले. मला वाईट वाटत होते आणि बरेही वाटत होते, कारण कितीतरी वर्षांनी ती माझ्याशी भांडत होती.

व्यवहारातून वगळलेली चार गुंठे जागा अजून आम्हा भावांच्या नावावर आहे. धाकट्याशी मी आधी बोललो होतो. तो कुरकुरला, पण नाही म्हणाला नाही. तिचा वाटा तिच्या नावावर करायचे मी आक्काला सांगितले. तिने सालपटे सुपात भरली, पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, “बघू.”

मी उठलो नाही. तिला चहा टाकायला सांगितला आणि लसणाचा दुसरा गड्डा फोडायला घेतला.